दिव्याचा रोख आणि झोताची किनार : त्रिमितीय दृश्यातील स्पॉटलाइटविषयी प्रश्नोत्तरे

सांगली, मिरज, सातारा आणि कराड येथून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये स्पॉटलाइटचा विषय वारंवार येत आहे, आणि बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो : पॉवर किती ठेवावी? हा प्रश्न रास्त आहे, परंतु माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारायचा आहे. दिवा कोठे आहे, कशावर रोखला आहे, झोताचा कोन किती आहे आणि दिव्याचे तोंड केवढे आहे, एवढे निश्चित झाले की तीव्रता ठरवायला फार वेळ लागत नाही. उलट आधी तीव्रता वाढवत नेली, तर चुकीच्या जागी टांगलेला दिवा अधिक प्रखरपणे चुकीचा दिसतो. म्हणून मुद्दाम ज्या पत्रात पॉवरचा उल्लेखच नाही, त्या पत्रापासून सुरुवात करतो. उत्तरे देताना ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर समोर धरले आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या संगणकांवर तेच अधिक आढळते. इतर सॉफ्टवेअरमध्ये महत्त्वाचा फरक असेल तेथे तो सांगितला आहे.

प्रश्न : मी थ्रीडीएस मॅक्सवर शिकलो. तेथे टार्गेट स्पॉट टाकला की दिव्याबरोबर एक लक्ष्यबिंदूही मिळत असे. आता ब्लेंडर वापरतो. येथे दिवा फिरवून रोख धरला आणि नंतर दिवा जरा जरी सरकवला, तरी झोत भलतीकडे जातो. प्रत्येक वेळी पुन्हा फिरवावे लागते. यावर काही सोय आहे का?
— अॅनिमेशनचा विद्यार्थी, कराड

उत्तर : सोय आहे, फक्त ती आपण स्वतः जोडायची असते. ज्या जागी प्रकाश पडायला हवा तेथे एक एम्प्टी, म्हणजे चित्रात न दिसणारा खुणेचा बिंदू, ठेवा. आधी दिवा आणि मग शिफ्ट दाबून एम्प्टी निवडा, ऑब्जेक्ट मेनूतील ट्रॅक या पर्यायात जा आणि ट्रॅक टू कन्स्ट्रेंट, म्हणजे लक्ष्याकडे पाहत राहण्याचे बंधन, लावा. ब्लेंडरमधील दिवा आपल्या स्थानिक झेड अक्षाच्या उणे दिशेने प्रकाश टाकतो. या मार्गाने कन्स्ट्रेंट लावला की अक्ष बरोबर निवडले जातात. हाताने लावल्यास मात्र रोखाचा अक्ष उणे झेड आणि वरचा अक्ष वाय असा ठेवावा लागतो, अन्यथा दिवा लक्ष्याकडे पाठ करून उभा राहतो. यानंतर दिवा कोठेही न्या, रोख ढळणार नाही. आणि पात्र चालू लागले तर एम्प्टी पात्राला जोडून द्या, म्हणजे झोत त्याच्यामागे जाईल. एम्प्टी पात्राच्या पायाशी न ठेवता छातीच्या उंचीवर ठेवावी, कारण प्रेक्षक चेहरा पाहत असतो आणि झोताचा सर्वांत उजळ भाग मध्यभागी असतो.

एकदाच रोख धरायचा असेल तर याहून झटपट मार्ग आहे. दिवा निवडून शिफ्ट आणि टी दाबा आणि माउस ज्या पृष्ठभागावर न्याल तिकडे दिवा वळेल. मला स्वतःला तिसरा मार्ग सर्वांत उपयुक्त वाटतो, तो म्हणजे दिव्याच्या डोळ्यांनी पाहणे. दिवा निवडून कंट्रोल आणि नमपॅडवरील शून्य दाबले की तो दिवाच तात्पुरता कॅमेरा होतो. त्या जागेवरून जे दिसते ते उजळणार आणि जे आड जाते ते सावलीत राहणार, हे रेंडर न करताच, म्हणजे अंतिम चित्र काढण्यापूर्वीच, कळते. पंख्याचे पाते किंवा पडद्याची दांडी झोताच्या आड येत असेल तर तेही लगेच लक्षात येते. थ्रीडीएस मॅक्समध्ये हेच काम शिफ्ट आणि 4 या जोडीने होते. ब्लेंडरमध्ये पाहून झाल्यावर खरा कॅमेरा निवडून पुन्हा कंट्रोल आणि नमपॅडवरील शून्य दाबावे.

लक्ष्यबिंदू नसलेला दिवाही कधी कधी योग्य असतो. छतात बसवलेले दिवे सरळ खाली पाहतात, त्यांना लक्ष्य देण्याचे कारण नाही. आणखी एक सूचना : झोत मोठा करण्यासाठी दिव्याला एस दाबून स्केल करू नका. वेगवेगळ्या अक्षांवर वेगळे स्केल गेले की गोल झोत लंबगोल होतो आणि त्याचे कारण नंतर सापडत नाही. झोताचा विस्तार स्पॉट साइजच्या कोनानेच बदलावा.

प्रश्न : फ्लॅटच्या हॉलचे काम करते आहे. फॉल्स सीलिंगमध्ये 7 वॅटचे सीओबी (छतात बसणारे एलईडी स्पॉट) आहेत, म्हणून ब्लेंडरमध्ये स्पॉटची पॉवर 7 ठेवली, तर हॉल जवळजवळ काळा आला. 500 केल्यावर दिव्याभोवतीचे सीलिंग पांढरेफटक जळाले आणि जमीन तरीही अंधारीच राहिली. नेमका आकडा कोणता?
— इंटीरिअर डिझायनर, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करून पाहू.

पहिली अडचण वॅटची. खोक्यावरचे 7 वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो. ब्लेंडरमधील वॅट म्हणजे दिव्यातून प्रकाशाच्या रूपात किती ऊर्जा बाहेर पडते. चांगला एलईडी 7 वॅट विजेतून साधारण 600 ल्यूमेन देतो, आणि पांढऱ्या प्रकाशाच्या बाबतीत त्याची प्रकाशऊर्जा सुमारे 2 वॅट भरते. म्हणजे हिशेबाने आकडा 7 पेक्षाही कमी व्हायला हवा आणि हॉल आणखी काळा दिसायला हवा. येथे दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ब्लेंडरमधील स्पॉटची पॉवर ही, तोच दिवा सर्व दिशांना उघडा असता तर किती असती, या हिशेबाने दिलेली असते, आणि शंकूच्या बाहेर जाणारा प्रकाश निव्वळ कापून टाकला जातो. खऱ्या सीओबीत मात्र परावर्तक आणि भिंग सगळा प्रकाश गोळा करून झोताच्या आत वळवतात. 36 अंशांचा झोत संपूर्ण गोलाच्या सुमारे 41 व्या भागाएवढाच असतो; म्हणून 2 वॅटला 41 ने गुणले की 80 च्या आसपासचा आकडा मिळतो. 60 अंशांचा झोत गोलाच्या सुमारे 15 व्या भागाएवढा, म्हणून तेथे 30 पुरतात. आपल्या सीओबीचा बीम अँगल खोक्यावर पाहा आणि या दोहोंपैकी जवळच्या आकड्यापासून सुरुवात करा. याच कारणाने ब्लेंडरमध्ये कोन अरुंद केला तरी मधला उजेड वाढत नाही; प्रत्यक्षात तो वाढतो, तेव्हा वाढ आपल्या हाताने द्यावी लागते.

तरीही 500 वर जमीन अंधारी राहिली, याचा अर्थ मोजमापात घोळ आहे असा मला दाट संशय आहे. ऑटोकॅड किंवा स्केचअपमधून आलेल्या मॉडेलमध्ये मिलिमीटरचा आकडा मीटर म्हणून वाचला गेला, तर 3 मीटरची भिंत 3000 मीटरची होते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे 1000 पट मोठ्या खोलीत तोच उजेड हवा असेल तर 10 लाख पट पॉवर लागेल. एन दाबून उघडणाऱ्या पट्टीत दाराची उंची पाहा. ती 2.1 मीटरच्या आसपास नसेल, तर दिव्यांना हात लावण्यापूर्वी मॉडेलचे माप दुरुस्त करा.

सीलिंग जळण्याचे कारणही वर्गाचाच नियम आहे. दिवा फिटिंगच्या खोबणीत अगदी आत बसवलेला असेल, तर त्याची कड दिव्यापासून 10 सेंटीमीटरवर आणि जमीन अडीच मीटरवर असते. अंतर 25 पट, म्हणून कडेवर पडणारा प्रकाश 625 पट. दिव्याचा बिंदू फिटिंगच्या तोंडाच्या 2 ते 3 सेंटीमीटर खाली आणा. फिटिंगला काच मॉडेल केली असेल आणि दिवा तिच्या वर असेल, तर सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये) ती काच प्रकाश बहुतांशी अडवते. काचेच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधील व्हिजिबिलिटीत शॅडो बंद करावे किंवा दिवाच काचेखाली घ्यावा.

कंपनीने आपल्या फिटिंगची आयईएस फाइल दिली असेल, तर ती जरूर वापरा. ती साधी मजकुराची फाइल असते आणि कोणत्या कोनात किती कँडेला प्रकाश जातो याचे मोजलेले आकडे तिच्यात असतात. ब्लेंडरमध्ये आयईएस टेक्स्चर हा नोड सायकल्समध्ये चालतो. व्ही-रे आणि थ्रीडीएस मॅक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र दिवे आहेत.

प्रश्न : भिंतीलगतच्या दिव्यांनी भिंतीवर कमानीसारखे आकार उमटावेत असे क्लायंटला वाटते. माझ्या रेंडरमध्ये कमानी उमटतात, पण फार खाली. त्या वर कशा आणाव्यात?
— आर्किटेक्ट, सातारा

उत्तर : कमानीचा माथा दोन गोष्टींवर अवलंबून असतो, दिव्याचे भिंतीपासूनचे अंतर आणि झोताचा कोन, पॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. दिवा सरळ खाली पाहत असेल, तर भिंतीपासूनच्या अंतराला अर्ध्या कोनाच्या टॅनने भागले की माथा दिव्याच्या किती खाली येईल ते मिळते. दिवा भिंतीपासून 30 सेंटीमीटरवर आणि झोत 36 अंशांचा असेल, तर माथा सुमारे 92 सेंटीमीटर खाली येतो. झोत 60 अंशांचा केला तर 52 सेंटीमीटरवर येतो. कोन बदलायचा नसेल, तर दिवा भिंतीजवळ सरकवा. कमानीची कड किती ठळक हवी ते स्पॉटच्या ब्लेंड या आकड्याने ठरते, आणि पुढील उत्तरात त्याविषयी सविस्तर लिहिले आहे. भिंतीवर चित्र टांगलेले असेल, तर मात्र सरळ खाली पाहणारा दिवा उपयोगाचा नाही. संग्रहालयांत रूढ असलेला 30 अंशांचा कल घ्या : छत 2.7 मीटर आणि चित्राचा मध्य 1.5 मीटरवर असेल, तर दिवा भिंतीपासून सुमारे 70 सेंटीमीटरवर येतो आणि काचेत त्याची चमक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यसंघ आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नेपथ्य आणि प्रकाशयोजना आधी संगणकावर मांडून पाहतो, कारण प्रत्यक्ष नाट्यगृहात तालमीला वेळ फार कमी मिळतो. स्पॉटचे ब्लेंड पूर्ण 1 केले तरी पात्राची सावली कात्रीने कापल्यासारखी कडक येते. शिवाय सगळे दृश्य नाटकासारखे न दिसता कार्यालयासारखे सपाट दिसते. काय चुकते आहे?
— नाट्यसंघाचे तंत्रसाहाय्यक, सांगली

उत्तर : 1843 मध्ये ज्या गावात विष्णुदास भावे यांनी मराठी नाटक उभे केले, त्या गावातून हा प्रश्न यावा याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्पॉटलाइटला दोन किनारी असतात आणि त्या एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात. एक किनार प्रकाशवर्तुळाची, म्हणजे झोत जेथे संपतो तेथली. ती ब्लेंडने मऊ किंवा कडक होते. थ्रीडीएस मॅक्समध्ये हॉटस्पॉट आणि फॉलऑफ या दोन कोनांतील अंतराने तेच साधते, आणि मायामधील पेनंब्रा अँगल हाही याच किनारीचा आकडा आहे. दुसरी किनार झोताच्या आत उभ्या असलेल्या पात्राच्या सावलीची. ती केवळ दिव्याच्या तोंडाच्या आकारावर आणि अंतरांवर ठरते. ब्लेंडरमध्ये त्यासाठी रेडियस आहे. आपण पहिल्या किनारीचा आकडा वाढवत राहिलात, म्हणून दुसरी हलली नाही.

सावलीच्या किनारीची रुंदी काढणे सोपे आहे : दिव्याच्या तोंडाचा व्यास गुणिले पात्रापासून पडद्यापर्यंतचे अंतर, भागिले दिव्यापासून पात्रापर्यंतचे अंतर. भिंग 15 सेंटीमीटर व्यासाचे, पात्र दिव्यापासून 5 मीटरवर आणि मागचा पडदा पात्रापासून 2 मीटरवर असेल, तर किनार 6 सेंटीमीटरची होते. ब्लेंडरमध्ये अशा दिव्याला 0.075 मीटर रेडियस द्यावा. रेडियस 0 असेल तर किनार उरतच नाही, आणि आपल्या दृश्यात बहुधा तेच झाले आहे. पात्र पडद्यापासून दूर, पुढे आणले की सावली आपोआप मऊ होते, हेही या सूत्रात आहे. दिग्दर्शक पात्राला पडद्याला चिकटून उभे करत असेल, तर कोणताही रेडियस फारसा उपयोगी पडणार नाही.

रंगमंचावर प्रोफाइल स्पॉटची किनार स्वच्छ कापता येते, तर फ्रेनेल भिंगाच्या स्पॉटची किनार विरघळत जाते. पहिल्यासाठी ब्लेंड 0 ते 0.1 आणि दुसऱ्यासाठी 0.6 च्या पुढे ठेवा, पण दोघांनाही रेडियस खऱ्या भिंगाएवढाच द्या. संगणकीय चित्रांत रोखता येणारे, शंकूने मर्यादित केलेले आणि झडपांनी कापता येणारे दिवे 1983 मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड वॉर्न यांनी मांडले, तेही छायाचित्रकारांच्या स्टुडिओतील दिवे पाहूनच. त्यामुळे नाट्यगृहातील दिव्यांचा अनुभव असलेल्या माणसाला ही साधने परकी वाटण्याचे कारण नाही. आपले प्रकाशयोजनाकार संगणक जाणत नसतील, तरी त्यांना शेजारी बसवून काम करा.

आता सपाटपणाविषयी. नवीन दृश्यात ब्लेंडरचे वर्ल्ड, म्हणजे दृश्याभोवतीची पार्श्वभूमी, करडे असते आणि तो करडा रंग सर्व बाजूंनी मंद प्रकाश टाकत राहतो. नाट्यगृहात तसा प्रकाश नसतो, तेव्हा वर्ल्डचा रंग पूर्ण काळा करा. विंगा आणि पडदे काळे असतात, परंतु संगणकावर त्यांना शुद्ध काळा रंग देऊ नका, 0.02 ते 0.04 एवढे मूल्य द्या, म्हणजे चुण्या दिसतील. यानंतर सर्व दिवे बंद करून एकेक दिवा स्वतंत्रपणे लावून पाहा आणि प्रत्येकाचे काम एका वाक्यात सांगता येते का ते तपासा. ज्याचे काम सांगता येत नाही तो दिवा काढून टाका.

चेहऱ्यासाठी कोठून सुरुवात करावी हे ठरत नसेल, तर 1930 च्या दशकात येल विद्यापीठातील स्टॅनली मॅककँडलेस यांनी रूढ केलेली रचना घ्यावी : पात्राच्या समोर डावीउजवीकडे 45 अंशांवर आणि तेवढ्याच उंचीच्या कोनात दोन दिवे, एक किंचित उबदार रंगाचा आणि दुसरा किंचित थंड. यात मी स्वतः मागून एक दिवा वाढवतो, कारण काळ्या पडद्यापुढे काळे केस आणि गडद शालू हरवून जातात. खांद्यांवर आणि डोक्यावर मागून पडलेली उजळ कड पात्राला पडद्यापासून वेगळे करते. मात्र तो दिवा पुढच्या दिव्यांहून प्रखर दिसू लागला, तर पात्र कापून चिकटवल्यासारखे दिसते.

पिंपळाच्या पानांची सावली पाडण्यासाठी गोबो कसा करावा, असेही आपण पत्रात पुढे विचारले आहे. सर्व सॉफ्टवेअरमध्ये चालणारा उपाय म्हणजे दिव्यासमोर पानांच्या आकाराची छिद्रे असलेली एक पातळ पाटी ठेवणे. ती दिव्याच्या जवळ असेल तर आकृती मोठी आणि धूसर होते, दूर नेली तर लहान आणि ठळक. येथेही वरचेच सूत्र लागू आहे.

प्रश्न : माहुलीच्या देवळांतील कोरीव दगड पाहून एका खांबाचे मॉडेल केले आहे. फोटोंवरून फोटोग्रामेट्री केली, त्यामुळे बारकावे उत्तम आले आहेत. पण रेंडरमध्ये नक्षी दिसत नाही, खांब गुळगुळीत वाटतो. स्पॉट कॅमेऱ्याजवळच ठेवला आहे.
— शिल्पकलेची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दोष आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. कॅमेऱ्याच्या शेजारच्या दिव्याने पडलेली प्रत्येक सावली कोरीव कामाच्या मागे लपते, म्हणून कॅमेऱ्याला ती दिसत नाही. दिवा खांबाच्या बाजूला न्या आणि झोत पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा रोखा. 5 मिलिमीटर उठावाची सावली 45 अंशांच्या प्रकाशात 5 मिलिमीटर लांब पडते, तर पृष्ठभागाशी 15 अंशांचा कोन केला की तीच जवळजवळ 19 मिलिमीटर लांब होते. नक्षी उभ्या रेघांची असेल तर दिवा डावीउजवीकडून, आडव्या पट्ट्यांची असेल तर वरून. दगड काळा असल्यामुळे पॉवर वाढवण्याचा मोह होईल. त्याऐवजी कोन आणखी घासता करून पाहा.

फोटोग्रामेट्रीतून आलेल्या टेक्स्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रात, फोटो काढतानाचे ऊन आणि सावल्या आधीच छापल्या गेलेल्या असतात, ही यातील दुसरी अडचण आहे. तुमचा दिवा उजवीकडून आणि छापलेली सावली डावीकडील उन्हाची, असे झाले की डोळा गोंधळतो आणि खोली नाहीशी होते. तपासण्यासाठी टेक्स्चर काढून सगळ्या खांबाला एकच करडा रंग द्या. नक्षी लगेच उठून दिसली, तर दोष टेक्स्चरचा आहे. अशा वेळी फोटो पुन्हा काढणे हाच प्रामाणिक मार्ग होय : आभाळ भरलेले असावे, पाऊस नसावा आणि दगड पूर्ण वाळलेला असावा, कारण ओल्या दगडावरची चमकही टेक्स्चरमध्ये छापली जाते. साताऱ्यात पावसाळा सरता सरता असे दिवस मिळतात.

प्रश्न : हरिपूरच्या हळदीच्या पेवावर (जमिनीखालील कोठारावर) लहान अॅनिमेशन करतो आहे. पेवाच्या अरुंद तोंडातून आत शिरणारा प्रकाशाचा झोत आणि त्यात तरंगणारी हळदीची धूळ दाखवायची आहे. वर स्पॉट लावला, पण झोत दिसतच नाही. वर्ल्डला व्हॉल्यूम (धुक्यासारखे माध्यम) दिल्यावर सगळेच धुरकट झाले.
— सांगली

उत्तर : विषय फार सुंदर निवडला आहे. प्रकाश बाजूने जाताना दिसत नाही, तो कशावर तरी आपटून आपल्याकडे वळला तरच दिसतो. म्हणून हवेत कण हवेतच. परंतु ते संपूर्ण वर्ल्डला देऊ नयेत. पेवाच्या आतील पोकळीएवढे एक ठोकळ्यासारखे मेश घ्या, त्याला प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम द्या, घनता 0.02 पासून सुरू करा आणि अॅनिसोट्रोपी 0.3 ते 0.6 ठेवा. धूळ मुख्यतः प्रकाशाच्या पुढच्या दिशेने विखुरते, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड काहीसे प्रकाशाच्या उगमाकडे असेल तेव्हा झोत सर्वांत ठळक दिसेल.

मात्र येथे स्पॉट हा दिवाच मला योग्य वाटत नाही. तोंडाजवळ ठेवलेल्या स्पॉटचे किरण पसरत जातात आणि झोत वरून अरुंद, खाली रुंद असा शंकू होतो. उन्हाचे किरण जवळजवळ समांतर असतात. सूर्याचा कोनीय व्यास जेमतेम अर्धा अंश, म्हणजे 0.53 अंश आहे. म्हणून सन हा दिवा वापरा आणि त्याचा अँगल तेवढाच ठेवा. आपण वर्ल्डला व्हॉल्यूम दिल्यावर ऊन नाहीसे होण्याचाही धोका होता, कारण सायकल्समध्ये सूर्य अनंत अंतरावर मानला जातो आणि त्याचा प्रकाश वर्ल्डच्या व्हॉल्यूममधून पोहोचतच नाही. काही कारणाने स्पॉटच वापरायचा असेल, तर तो तोंडापासून पुष्कळ उंच न्या आणि कोन एकदोन अंशांपर्यंत खाली आणा.

दिशाही विचारपूर्वक निवडा. सांगलीचा अक्षांश सुमारे 16.85 अंश उत्तर आहे. येथे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि ऑगस्टमध्ये आभाळ बहुधा झाकलेले असते. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंशांवरच असतो. तेव्हा 5 मीटर खोल पेवात झोत तोंडाच्या सरळ खालून सव्वाचार मीटर उत्तरेकडे सरकेल, म्हणजे तळाऐवजी भिंतीवर पडेल. तळावरच्या हळदीवर सरळ उभा झोत हवा असेल, तर कथेतला दिवस मेमधला धरा.

प्रश्न : आमच्या घरी सतारी आणि तंबोरे तयार होतात. विक्रीसाठी वाद्यांची त्रिमितीय चित्रे करतो. स्पॉट लावला की पॉलिश केलेल्या भोपळ्यावर एक टिचभर पांढरा ठिपका उमटतो, बाकी भोपळा मंद राहतो, आणि चित्रात पांढरे कणही येतात.
— मिरज

उत्तर : चकचकीत पृष्ठभाग प्रकाशापेक्षा प्रकाशाच्या उगमाचे प्रतिबिंब दाखवतो. उगम लहान असेल तर प्रतिबिंबही लहानच असणार. पॉलिश दाखवायचे असेल तर मुख्य दिवा एरिया लाइट घ्या, निदान वाद्याएवढा लांब. भोपळ्याच्या गोलाईवरून त्याची लांब पट्टी सरकत गेलेली दिसली की पॉलिश आणि आकार दोन्ही समजतात. स्पॉट पूर्ण काढून मात्र टाकू नका. तबलीवरचे नक्षीकाम, घोडी आणि तारा यांच्यावर एक अरुंद, मऊ कडेचा स्पॉट तिरका रोखला की डोळा तेथे जातो, आणि घेणारा शेवटी तेथलेच काम पाहून वाद्य निवडतो. पांढरे कण छोट्या प्रखर उगमाच्या चमकदार परावर्तनातून येतात. रेडियस थोडा वाढवा, क्लॅम्पिंगमध्ये इनडायरेक्टचा आकडा 10 वरून 3 ते 5 पर्यंत उतरवा आणि डीनॉइज चालू ठेवा. डीनॉइजमुळे तारा पुसट होत असतील तर सॅम्पल वाढवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मंगल कार्यालयाच्या दृश्यात स्पॉट फार झाले आहेत, रेंडर रात्रभर चालतो. कमी करू का?
— सातारा

उत्तर : आधी ब्लेंडरची आवृत्ती पाहा. 3.5 पासून सायकल्समध्ये लाइट ट्री आहे. पुष्कळ दिव्यांच्या दृश्यात कोणता दिवा कोणत्या जागेसाठी महत्त्वाचा आहे हे त्यामुळे नेमके निवडले जाते आणि त्याच वेळात चित्र पुष्कळ स्वच्छ येते. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर बदला. एकसारखे दिवे ऑल्ट आणि डी दाबून जोडलेल्या प्रती म्हणून ठेवा, म्हणजे एकाचा कोन किंवा रंग बदलला की सगळ्यांचा बदलेल. यानंतर कॅमेऱ्यामागचे दिवे एकेक बंद करून चित्रात फरक पडतो का ते पाहा. छताच्या परावर्तित उजेडात ज्यांचा वाटा आहे ते राहू द्या आणि बाकीचे बंद करा.